हृद्रोगचिकित्सेतील तिसरा पाद : दांपत्यसंबंधांचा विचार

हृद्रोगाचा रुग्ण आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात येतो तो तीव्र अवस्था ओसरल्यानंतर. छातीत कळ आली, तालुक्याच्या गावी पट्टी काढली, रातोरात गाडी करून छत्रपती संभाजीनगर गाठले, तेथे 'स्प्रिंग' बसली आणि आठवडाभरात रुग्ण घरी परतला. एवढे सर्व झाल्यानंतर अशक्तपणा जावा, झोप लागावी, पुन्हा तसे होऊ नये, या अपेक्षेने तो वैद्याची पायरी चढतो. आपण नाडी पाहतो, अग्नीची व कोष्ठाची चौकशी करतो, अर्जुन, पुष्करमूळ, दशमूळ यांची योजना करतो. शेजारच्या खुर्चीवर त्याची पत्नी बसलेली असते. तिच्या हाती पथ्याचा कागद देण्यापलीकडे आपले लक्ष तिच्याकडे सहसा जात नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय ती शेजारची खुर्ची हा आहे. हृद्रोगातून उठणाऱ्या माणसाचे पुढील वर्ष कसे जाईल, हे त्याच्या औषधांइतकेच त्याच्या घरातील पती-पत्नीच्या परस्परसंबंधांवर अवलंबून असते, आणि हा संबंध चिकित्सेच्या बाहेरचा, खाजगी म्हणून सोडून देण्याचा विषय नाही, असे आमचे म्हणणे आहे. हे म्हणणे नवीनही नाही. संहितांनी त्याला स्वतंत्र स्थान दिलेले आहे; आपणच ते पाठ करून विसरलो आहोत.

संहितांची भूमिका

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांतील तिसरा पाद म्हणजे परिचारक. त्याचे चार गुण आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. अनुराग कोणावर असावा, तर 'भर्त्या'वर. तेथे हा शब्द धनी, पोशिंदा या अर्थाने आला आहे. परंतु संस्कृतात त्याचा दुसरा अर्थ पती असाच आहे. आपल्या भागातील स्त्रिया आजही नवऱ्याचा उल्लेख 'आमचे मालक' असा करतात, तेव्हा त्या नकळत तोच दुहेरी अर्थ वापरीत असतात.

पंधराव्या अध्यायात उपकल्पनीय आतुरालयाचे वर्णन आहे. तेथे रांधणारे वेगळे, स्नान घालणारे वेगळे, अंग रगडणारे वेगळे, औषध कुटणारे वेगळे. शिवाय गाणी, गोष्टी, पुराणे सांगून रुग्णाचे मन रमविणारे आणि त्याच्या मनातील भाव न बोलता ओळखणारे लोकही नेमलेले आहेत. राजाला किंवा धनवंताला शोभेल असा तो परिवार. बदनापूर वा मंठ्याच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात ही सगळी माणसे मिळून एकच असते. ती सकाळी शेतात जाते, दुपारी परत येऊन चूल पेटविते आणि रात्री नवऱ्याच्या श्वासाचा आवाज ऐकत जागी राहते.

रुग्णाचेही चार गुण चरकाचार्यांनी दिले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. वैद्याने सांगितलेले लक्षात ठेवणे, त्याप्रमाणे वागणे, न घाबरणे आणि आपल्याला काय होते ते नीट सांगता येणे. (वाग्भटाने या यादीत 'आढ्य' म्हणजे धनवान हा गुण घातला. व्यवहार त्यालाही कळत होता.) हे चारही गुण रुग्णाच्या ठिकाणी आपोआप नांदत नाहीत, ते घराच्या वातावरणात वाढतात किंवा कोमेजतात. गोळ्यांची वेळ कोण लक्षात ठेवते? पथ्य मोडले तर कोणाच्या भीतीने लपविले जाते? आणि छातीत पुन्हा जड वाटू लागले तर ते प्रथम कोणाला सांगितले जाते, अथवा कोणाला मुद्दाम सांगितले जात नाही? या प्रश्नांची उत्तरे दांपत्यसंबंधांत आहेत.

निदानाच्या अंगानेही हाच निष्कर्ष निघतो. चिकित्सास्थानातील त्रिमर्मीय अध्यायात हृद्रोगाच्या हेतूंमध्ये अतिव्यायाम, वेगसंधारण, अभिघात यांच्या पंक्तीत चिंता, भय आणि त्रास यांची गणना केली आहे. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात वातज हृद्रोगाच्या कारणांत शोक आणि उपवास यांचा उल्लेख आहे. विमानस्थानात रसवह स्रोतसाच्या दुष्टीचे एक कारण अतिचिंतन असे दिले असून त्याच स्रोतसाचे मूळ हृदय आणि दश धमन्या हे आहे. सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायाचा उपदेश तर सरळच आहे : हृदयाचे, महामूलांचे आणि ओजाचे रक्षण करू इच्छिणाऱ्याने मनाला दुःख देणारी कारणे विशेषत्वाने टाळावीत. साधक पित्त, व्यान वायू आणि ओज ही तिन्ही ज्या ठिकाणी एकत्र नांदतात त्या ठिकाणी रोजच्या धुसफुशीचा परिणाम होणार नाही, असे मानणे शास्त्राला धरून नाही.

आधुनिक अभ्यासांतून काय दिसते

या विषयावर पाश्चात्त्य देशांत गेल्या तीन-चार दशकांत बरेच काम झाले आहे. स्वीडनमध्ये क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॉकहोममधील ३० ते ६५ वयोगटातील २९२ हृद्रोगी स्त्रियांचा सरासरी पाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा केला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार वैवाहिक जीवनात तीव्र ताण असलेल्या स्त्रियांमध्ये पुन्हा हृद्विकार उद्भवण्याचा धोका इतरांच्या २.९ पट होता. नोकरीतील ताणाचा मात्र तसा संबंध आढळला नाही. अमेरिकेत जेम्स कॉइन आदींनी हृदयाची क्षमता घटलेल्या १८९ रुग्णांच्या घरी जाऊन पती-पत्नींची एकमेकांशी वागणूक तपासली. २००१ सालच्या या अभ्यासात चार वर्षे जगण्याची शक्यता व्याधीच्या तीव्रतेवरून जितकी वर्तविता आली, तितकीच ती दांपत्यसंबंधांच्या प्रतीवरूनही वर्तविता आली. रुग्ण स्त्री असेल तर हा संबंध अधिक ठळक होता. बायपास शस्त्रक्रिया झालेल्या २२५ व्यक्तींच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संसारात समाधानी असलेल्यांचे शस्त्रक्रियेनंतर १५ वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण असमाधानी विवाहितांपेक्षा तिपटीहून अधिक आढळले.

याची यंत्रणाही अगदीच अंधारात नाही. कडवट वादाच्या वेळी ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल वाढतात, रक्तदाब व नाडीची गती चढते, रक्तातील बिंबिका चिकट होतात. जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४२ दांपत्यांच्या हातावर बारीक फोडांच्या जखमा करून त्या भरण्याचा वेग मोजला. परस्परांशी वैरभावाने बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या सुमारे ६० टक्के गतीने भरल्या. हातावरची जखम आणि हृत्स्नायूची जखम एक नव्हे. पण व्रणरोपणाचा विचार करणाऱ्या वैद्याला हा आकडा डोळ्याआड करता येणार नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वरील अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होतेच असे नाही. आजार अधिक तीव्र असेल तर घरातील ताणही अधिक असणार. दुसरे असे की स्टॉकहोमचे घर आणि अंबडचे घर यांत अंतर आहे. आपल्याकडे नवरा-बायको यांच्यामध्ये सासू, दीर, मुलगा, सून असा परिवार उभा असतो. म्हणून आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, दिशा तेवढी घ्यावी.

या माहितीचा आपल्याकडे एक दुरुपयोग होऊ शकतो, तो आधीच सांगितला पाहिजे. घरातील कर्त्या पुरुषाला झटका आला की दोष कोणाच्या तरी माथी मारण्याची घाई होते आणि तो माथा बहुधा पत्नीचा असतो. 'तुझ्या कटकटीनेच हे झालं' हे वाक्य रुग्ण रुग्णालयातून येतायेताच म्हणतो. सासू पायगुणापर्यंत पोहोचते. अशा वेळी वैद्याने सर्वांसमक्ष, स्पष्ट शब्दांत सांगावे, की रक्तवाहिनीत अडथळा एका भांडणाने तयार होत नाही. तंबाखू, रक्तदाब, प्रमेह, रक्तातील मेद, बैठे काम आणि वर्षानुवर्षांचा आहार यांतून तो साठत जातो. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या २००४ सालच्या अभ्यासात मानसिक-सामाजिक ताण हे नऊ प्रमुख कारणांपैकी एक आहे, एकमेव नाही. ज्या बाईला उद्यापासून परिचारकाचे काम करायचे आहे, तिला आज आरोपी करून चालणार नाही.

अनुराग आहे, उपचारज्ञता नाही

आमच्या पाहण्यात जे येते त्यात उघड वैर असलेली दांपत्ये थोडी. जास्त आढळतो तो दुसराच प्रकार. प्रेम भरपूर, पण माहिती नाही. या प्रेमाची भीती होते आणि भीतीचा पहारा.

नवरा रुग्णालयातून घरी आला की पत्नी त्याला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाही. शौचाला जाताना मुलगा बरोबर. जिना बंद, मोटारसायकल बंद, ओट्यावरच्या गप्पा बंद. पंधरा दिवसांत सळईच्या कारखान्यात पाळीवर उभा राहणारा किंवा मोसंबीच्या बागेला पाणी देणारा माणूस स्वतःला कायमचा अपंग समजू लागतो. चरकाचार्यांनी सांगितलेले अभीरुत्व त्याच्या ठिकाणी उरत नाही, कारण घरातील प्रत्येक डोळा त्याला 'तू मरशील' असे सांगत असतो. मग त्याची चिडचिड सुरू होते, पत्नीला ती कृतघ्नता वाटते, आणि ज्या घरात पूर्वी भांडण नव्हते तेथे ते उत्पन्न होते.

याच्या नेमके उलट टोक तंबाखूचे. पत्नी खिसे तपासते, उशीखाली पुडी सापडते, आरडाओरड होते. पुढच्या वेळी पुडी गोठ्यात जाते. नवऱ्याने लपविण्याची सवय एकदा लावली की तो पुडीबरोबर छातीतील कळही लपवितो, आणि ज्ञापकत्व हा गुण गेला की पुढचा झटका वैद्यालाच काय, घरालाही आगाऊ कळत नाही. पत्नीला पोलीस करू नये, हे आम्ही अत्यंत आग्रहाने सांगतो. तंबाखू सोडविण्याचे काम वैद्याचे आणि रुग्णाचे. ते वैद्याने स्वतःकडे घ्यावे, दर पंधरवड्याला स्वतः विचारावे, आणि पत्नीला तिच्यादेखत त्या कामातून मोकळे करावे.

भीतीवर उपाय काय, याचे फार सुंदर उत्तर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९८५ साली दिले. हृदयाचा झटका येऊन सुमारे तीन आठवडे झालेल्या ३० पुरुषांची चालपट्ट्यावर चाचणी घ्यायची होती. त्यांच्या पत्नींचे तीन गट केले. पहिल्या दहा जणी बाहेर बसल्या. दुसऱ्या दहा जणींनी चाचणी पाहिली. तिसऱ्या दहा जणींनी ती पाहिली आणि मग नवऱ्याने जो सर्वाधिक भार पेलला होता, त्याच भारावर स्वतः तीन मिनिटे चालून पाहिले. आपल्या पतीचे हृदय किती काम पेलू शकते याविषयीचा विश्वास केवळ या तिसऱ्या गटात ठळकपणे वाढला. नुसते ऐकून नाही, पाहूनही पुरेसे नाही. स्वतःच्या पायांनी अनुभवल्यावर भीती गेली. उपचारज्ञता म्हणजे काय, हे याहून नेमके कोणी दाखविले असेल असे आम्हाला वाटत नाही.

चालपट्टा आपल्या चिकित्सालयात नसतो, अंगण असते. ज्या रुग्णाला हृद्रोगतज्ज्ञांनी चालण्यास परवानगी दिली आहे, विश्रांतीत ज्याला कळ वा धाप नाही, त्याला पत्नीसह सहा मिनिटे सपाट जागेवर चालवावे. चालण्यापूर्वी आणि नंतर दोघांचीही नाडी मोजावी व ती दोघांना सांगावी. कितीतरी वेळा पत्नीलाच अधिक धाप लागलेली असते, ती हसते, आणि त्या हसण्याने अर्धे काम होते. कळ, घाम, चक्कर, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी वेदना ही लक्षणे दिसली तर थांबायचे, जिभेखालची गोळी केव्हा ठेवायची आणि पाच मिनिटांत उतार न पडल्यास कोणाला बोलवायचे, हे दोघांकडून वदवून घ्यावे. १०८ क्रमांक घरातील प्रत्येकाच्या तोंडी असावा. 'अंगारकीला राजूरला पायी जाऊ का?' हा प्रश्न जालन्याकडचा रुग्ण हमखास विचारतो. त्याला 'नाही' असे तोडून सांगण्यापेक्षा रोजचे अंतर हळूहळू कसे वाढवायचे आणि या वर्षी गाडीने जाऊन गडाच्या पायथ्याशी थांबणे का योग्य, हे दोघांना एकत्र समजावून सांगितले तर ते ऐकले जाते.

पथ्याचा विषयही असाच. आपण कागदावर लिहितो : लोणचे, पापड, ठेचा वर्ज्य, मीठ अल्प, तळलेले नाही. घरी गेल्यावर नवऱ्याचे ताट वेगळे होते. फिकी भाजी त्याच्यासमोर, चमचमीत भाजी मुलांसमोर. आठ दिवसांत ताट ढकलले जाते. आमचा अनुभव असा, की मीठ कमी करायचे तर सबंध घराचे करावे; पत्नीचा रक्तदाब त्याच दिवशी मोजून पाहावा, तो वाढलेला निघाला तर तिलाही ते पथ्य स्वतःचे वाटते. एका छपराखाली, एका चुलीवर जेवणाऱ्या दोघांचे धोकेही पुष्कळदा एकच असतात.

आणि क्षीरपाक. अर्जुनसालीची भरड एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग, दूध शेष राहीपर्यंत मंद आचेवर आटवायचे, हे आपण एका वाक्यात सांगतो. पाच ग्रॅम भरडीला चाळीस मिलिलिटर दूध आणि एकशे साठ मिलिलिटर पाणी. दिवसातून दोनदा, चुलीजवळ उभे राहून. ते कोण करणार, याची चौकशी आपण करीत नाही. जेथे पत्नी मजुरीला जाते तेथे हा पाक आठ दिवसांत बंद पडतो आणि दोष 'औषध लागू पडले नाही' असा औषधाला येतो. अशा घरी रुग्णालाच स्वतःचा क्षीरपाक करायला शिकवावे. दिवसभर खाटेवर बसून कंटाळलेल्या माणसाला ते कामही होते. दोन-तीन वयस्कर शेतकऱ्यांनी आधी संकोच केला, पुढे त्यांच्या हातचा पाक घरातील बायकांपेक्षा चांगला होऊ लागला.

परिचारकाची स्वतःची प्रकृतीही पाहावी. डेन्मार्कमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारित, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात झटक्यातून वाचलेल्या रुग्णांच्या जोडीदारांमध्येही नैराश्यावरील औषधांचा वापर वाढलेला आढळला. झोप नाही, भूक नाही, उगाच रडू येते, अशी तक्रार पत्नी आपणहोऊन करीत नाही. तिला वेगळे बसवून विचारावे लागते. 'मालकाला सांगू नका, त्यांच्यानं झेपणार नाही,' असे म्हणून ती जे सांगते त्यात पुष्कळदा कर्जाचा आकडा असतो. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रियेचा मोठा भार हलका झाला आहे, हे खरे. परंतु जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेला रोज आणि पुढील महिन्यांच्या गोळ्या यांचे ओझे घरावरच असते, आणि ते बहुधा ती एकटी वाहत असते.

रुग्ण स्त्री असते तेव्हा

येथवर आपण पुरुषाला रुग्ण आणि स्त्रीला परिचारक मानले, कारण बहुसंख्य प्रसंगी चित्र तसेच असते. उलट असते तेव्हा काय होते?

तेव्हा तिसरा पाद रिकामा असतो. झटका येऊन गेलेली स्त्री दहाव्या दिवशी चुलीपुढे दिसते. नवऱ्याचे तिच्यावर प्रेम नसते असे नाही. पण सेवा करणे हे आपले काम आहे, असे त्याला कोणी कधी सांगितलेले नसते. स्त्रियांच्या हृद्विकाराची लक्षणे पुष्कळदा ठसठशीत नसतात. धाप, मळमळ, पाठीत वा जबड्यात दुखणे, विलक्षण थकवा एवढीच असतात. 'पित्त झालं असेल' म्हणून सुंठ-साखरेवर ती दोन दिवस काढते. बोलावे असे माणूस समोर नसेल तर ज्ञापकत्व कोठून येणार? अमेरिकेत २०२२ साली मांडण्यात आलेल्या एका अभ्यासात १८ ते ५५ वयोगटातील १,५९३ रुग्णांची झटक्यानंतर वर्षभर पाहणी केली होती. तीव्र वैवाहिक ताण असलेल्यांची प्रकृती वर्षअखेरीस अधिक वाईट होती, आणि असा ताण सांगणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक होते. स्टॉकहोमच्या आकड्यांशी हे जुळते.

यात उपवासाची भर पडते. नवऱ्याच्या आजारात बोललेले नवस, वाढविलेले सोमवार, चतुर्थ्या ती स्वतःच्या आजारातही सोडीत नाही. चरकाने वातज हृद्रोगाच्या हेतूंत शोक आणि उपवास ही नावे जवळजवळ घेतली आहेत, ते आमच्या मते योगायोगाने नव्हे. प्रमेहाच्या गोळ्या चालू असताना निराहार राहणे तर धोक्याचे आहे. उपवास मोड असे बाईला सांगून उपयोग नसतो. तिच्या पतीसमक्ष वैद्याने 'हे व्रत वर्षभर मालकांनी करावे, फळ दोघांना' असे सांगितल्यास तोडगा निघतो. असे पुरुष आम्ही पाहिले आहेत. सुरुवातीला ते गमतीवर नेतात, मग खरोखर धरतात.

रुग्ण स्त्रीच्या पतीला पुढील भेटीस बोलवावे, आणि निरोप तिच्याकडून नव्हे, स्वतः फोन करून द्यावा. पाण्याचा हंडा, सरपण, कपड्यांचे पिळे ही तीन कामे शस्त्रक्रियेनंतर किती आठवडे करायची नाहीत हे त्याला आकड्यात सांगावे. बायपासमध्ये छातीचे हाड कापलेले असते, ते सांधण्यास दोन ते तीन महिने लागतात, हे ऐकल्यावर कोणताही शेतकरी समजतो; मोडलेल्या बैलाच्या पायाला तो वेळ देतोच.

विधुर व विधवा रुग्णांचा प्रश्न स्वतंत्र आहे. तेथे सून अथवा मुलगी ही परिचारक. वरील बहुतेक सूचना त्यांनाही लागू पडतात.

औषधालयाच्या काउंटरवर

हा भाग विशेषतः औषधालयचालक बांधवांसाठी आहे. वैद्यासमोर जो प्रश्न विचारला जात नाही तो काउंटरवर, दुकानात दुसरे गिऱ्हाईक नसताना, विचारला जातो. झटक्यानंतर कामजीवन पुन्हा सुरू करावे किंवा नाही, याबद्दल दांपत्याला रुग्णालयातून निघताना क्वचितच काही सांगितले जाते. पत्नी भीतीने दूर राहते, पतीला तो नकार वाटतो. दोघेही बोलत नाहीत. मग एक दिवस पती 'शक्तीचे काही' मागतो.

येथे प्राण जाण्याचा धोका आहे. हृद्रोग्याला नायट्रेट वर्गातील गोळ्या चालू असतील, जिभेखालची गोळी हीदेखील त्याच वर्गातील, तर सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तासांत आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तासांत नायट्रेट दिल्यास रक्तदाब एकदम कोसळू शकतो. 'आम्ही तर वनस्पतींचेच विकतो' हे उत्तर पुरेसे नाही. वाजीकरणाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत ही रसायने गुपचूप मिसळलेली असल्याचे अनेक देशांतील औषध नियंत्रकांना वारंवार आढळले आहे. अर्ध्या तासात गुण देणारे 'आयुर्वेदिक' कॅप्सूल, वेष्टनावर निर्मात्याचा परवाना क्रमांक नाही, असे काही दुकानात आले तर ते ठेवूच नये. आणि गिऱ्हाईकाला एकच प्रश्न विचारावा : हृदयाची, रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे? उत्तर 'हो, आहे' असे आले तर पुडी न देता वैद्याकडे धाडावे. त्या दिवशीची विक्री बुडाली तरी चालेल.

वैद्याने दांपत्याला सांगण्याचे उत्तर साधे आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार गुंतागुंत न झालेल्या झटक्यानंतर, मध्यम श्रमांत कळ वा धाप येत नसेल तर, एका आठवड्यानंतरही समागमास हरकत नाही; बायपासनंतर सहा ते आठ आठवडे थांबावे. श्रम साधारणतः दोन जिने भराभर चढण्याइतके. आम्ही आपल्याकडे याहून थोडे सावकाश घेतो आणि हृद्रोगतज्ज्ञांचे मत मागवितो. परंतु 'आता ते सगळे विसरा' असे सांगणे अशास्त्रीय आहे. चरकाने वाजीकरणाच्या द्रव्यांत अग्रस्थान प्रिय आणि अनुकूल स्त्रीला दिले आहे. भस्मे व पाक नंतर येतात. मन मोकळे झालेल्या दांपत्याला बहुधा दुसऱ्या वाजीकरणाची गरज उरत नाही.

दुसरी सूचना गोळ्या बंद करण्याविषयी. स्टेंट बसविल्यानंतर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या सामान्यतः वर्षभर चालतात. आयुर्वेदिक औषध सुरू झाले की घरात चर्चा होते : दोन्हीकडचे कशाला? खर्च बघून निर्णय घेणारी व्यक्ती बहुधा जोडीदार असते. हृद्रोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती गोळी एक दिवसही थांबवायची नाही, थांबविल्यास स्टेंट आतून बंद होऊन मृत्यू येऊ शकतो, हे औषधाची पुडी बांधताना घ्यायला आलेल्या व्यक्तीला, मग ती कोणीही असो, तोंडी सांगावे.

कोयता

शेवटी आपल्या जिल्ह्याचा एक विशेष प्रश्न. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून दरवर्षी हजारो जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादम त्यांना माणसे म्हणून मोजीत नाही, कोयते म्हणून मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल त्या कोयत्यावर दिलेली असते. दांपत्यसंबंध आणि हृद्रोग यांचा असा रोकडा हिशेब अन्यत्र कोठे नसेल. नवऱ्याला झटका आला तर कोयता मोडतो, उचल मात्र अंगावर राहते. म्हणून तो दोन महिन्यांत पुन्हा फडात उभा राहतो, किंवा ती एकटी दोघांच्या वाटणीचे तोडते आणि रात्री त्याच्या उशाशी बसते. या घरात 'ताण टाळा' हा उपदेश करायला वैद्याची जीभ वळत नाही.

तरीही काही करता येते. भाद्रपदातच अशा जोडप्यांना बोलावून घ्यावे. रुग्णाने तोडणी न करता मोळ्या बांधण्याचे, जनावरांकडे पाहण्याचे हलके काम धरता येईल काय, हे दोघांशी बोलून ठरवावे आणि लागल्यास मुकादमाला दाखविण्यासाठी आपल्या पत्रकावर तसे लिहून द्यावे. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तितक्या दिवसांच्या गोळ्या, त्यांची चिठ्ठी आणि रुग्णालयाच्या कागदाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्नीच्या हाती द्यावी. कोपीत क्षीरपाक होणार नाही. तेथे अर्जुनारिष्ट किंवा वटी द्यावी. कारखान्याच्या गावातील वैद्याचे वा सरकारी दवाखान्याचे नाव चिठ्ठीच्या मागे लिहावे. औषधालयचालकांनी या गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक वहीत वेगळे ठेवून महिन्यातून एकदा विचारणा केली तर गोळ्या कोणत्या आठवड्यात संपतात ते कळते, आणि गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर त्या धाडता येतात.